बोटाला शाई, हजेरीला काट

निवडणूक आली की कंपन्यांना लोकशाहीचा पुळका येतो. शाई लावलेलं बोट दाखवा, बिलावर सूट घ्या! पण कोणाला मत द्या, हे सांगणार नाहीत. का, तर आम्ही तटस्थ.

आमच्या बारामतीत २०२४ साली ७ मे रोजी नणंद-भावजय लढल्या, २० नोव्हेंबरला काका-पुतण्या. अशा गावात किराणा दुकानदार गप्प बसला तर आम्ही त्याला दोष देत नाही. दोन्हीकडचं गिऱ्हाईक त्याला सांभाळायचं असतं. मोठ्या भांडवलाचं गप्प बसणं मात्र वेगळं असतं.

२०१७ साली कायदा बदलून कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली. कोणत्या पक्षाला दिले, हे ताळेबंदात सांगण्याचं बंधनही गेलं. निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये यादी बाहेर आली. फ्यूचर गेमिंग १३६८ कोटी, मेघा इंजिनिअरिंग ९६६ कोटी. जाहिरातीत तटस्थ राहायचं आणि तिजोरीतून बाजू घ्यायची, हा यांचा धर्म!

जाहिरातीची जागासुद्धा कधी निष्पक्ष नव्हती. १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तेव्हाही कोणी म्हणालं असेल, आम्हाला वादात पडायचं नाही.

आता खालचं बघू. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवरच्यालाही. मोडली तर मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत आम्ही मतदार नोंदणी करतो. तिथं एका कारखान्यातले कंत्राटी कामगार म्हणाले, "ठेकेदार सांगतो, जा मताला, पण हजेरी लागणार नाही." त्याच फाटकावर 'मतदान हा आपला अधिकार' असा फ्लेक्स झळकत होता. कंपनी म्हणते माणसं ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो हुकूम कंपनीचा.

ऊसतोड मजुराचं तर विचारूच नका. त्या वर्षी गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून, मतदान २० ला. नाव बीडच्या यादीत, कोपी आमच्या शिवारात. उचल घेतलेला माणूस मतासाठी गावी जाणार कसा? साखरेच्या पोत्यावर कुठल्याच पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून काय साखर तटस्थ झाली?

आमच्यातल्या तरुणांनाही एक सांगायचंय. सूट मिळाली म्हणून बोटाचा फोटो स्टेटसला ठेवणारे आपलेच आहेत. त्याच हाताने एक अर्ज लिहा. भरपगारी सुट्टीच्या मागणीचा साधा मसुदा आम्ही तयार केला आहे. पुढच्या मतदानाच्या आठ दिवस आधी तो कंपनीला आणि ठेकेदाराला, दोघांनाही द्यायचा. पोच घेतल्याशिवाय फाटकावरून हलायचं नाही.

जय भीम!