घुशीला विष, गटाराला मोकळीक

दक्षिण अमेरिकेतील कॅपिबारा हा कुरतडणाऱ्या प्राण्यांत जगात सर्वांत मोठा. पाण्यात डुंबणारा, सुमारे ५० किलो वजनाचा हा शांत जीव मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे मुलांचा लाडका झाला आहे. त्याच गणातली, पाण्याला न घाबरणारी आपल्याकडची घूस मात्र कुणालाच नको असते.

पारोळ्यासारख्या गावात घूस म्हटली की गटाराची कड, ओट्याखालची पोकळी आणि धान्याच्या गोदामाचा कोपरा आठवतो. वजन किलोभर, पोहण्यात तरबेज. ओली माती आणि माणसाने टाकलेले खरकटे एवढ्यावर तिचे भागते.

पोखरलेल्या भिंतीपेक्षा तिचा मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू बाहेर पडतात, ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात तग धरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. गुरे, कुत्री व डुकरेही ते पसरवू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले आणि हा मुंबईचाच रोग, असा समज रूढ झाला. पण पावसाळ्यात काळ्या मातीत अनवाणी निंदणी करणारी बाई किंवा गोठ्यातला चिखल तुडवणारा शेतकरी यांनाही तो गाठू शकतो.

ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे ही त्याची लक्षणे. सुरुवातीला डेंग्यू किंवा मलेरियाच वाटतो. वेळेत प्रतिजैविक मिळाले तर रुग्ण बरा होतो. उशीर झाल्यास कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केले होते, हे रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगावे. अंगावर ताप काढू नये.

घुशी वाढल्या की सर्रास विष टाकले जाते. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती ते लागू शकते. काही विषांनी मेलेले उंदीर खाऊन घुबडेही दगावतात. शिवाय खरकटे आणि उघडे गटार तसेच राहिले, तर उरलेल्या घुशी पुन्हा पिलावळ वाढवतात.

नगरपरिषदेने पावसाळ्यापूर्वी गटारे उपसून झाकावीत, कचरा रोज उचलावा. नागरिकांनी खरकटे गटारात लोटू नये, शेतात गमबूट घालावेत, जखम झाकावी. एवढे झाले नाही, तर विषाच्या पुड्यांवरचा खर्च दरवर्षी होत राहील आणि घुशीही तेवढ्याच राहतील.