मधला मार्ग कुठपर्यंत?

परांडा तालुक्यातले सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामावरून मिळाले होते. २०२३ साली ते बदलून धाराशिव झाले.

उर्दूत तुम्ही ज्याला ‘मियानारवी’ म्हणता, त्याला मराठीत मध्यम मार्ग म्हणतात. खेड्यात हा मार्ग सर्वांना सोयीचा असतो. शेजाऱ्याची विहीर, बाजार, पेरणी यांवाचून कोणाचे चालते? श्रद्धा वेगळी असली तरी माणसे जीभ आवरून बोलतात. मला ही रीत आवडते. पण तिची परीक्षा कधी होते, ते पाहा.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. निजामाला भारतात सामील व्हायचे नव्हते. तेव्हा एक मधला तोडगा निघाला. नोव्हेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार केला. भांडण नको, थोडे थांबू, असा त्याचा अर्थ. ऐकायला किती शहाणपणाचे! पण थांबलेल्या त्या महिन्यांत लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांचा जोर वाढतच गेला. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. खेड्यापाड्यांत लूट आणि जाळपोळ झाली. ज्याच्या घराला आग लागली, त्याला ‘थोडे थांब’ म्हणणे ही मियानारवी नव्हे.

हैदराबादेत शोएबुल्लाखान नावाचे एक तरुण संपादक होते. ‘इमरोज’ हे त्यांचे उर्दू दैनिक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत. त्यांना धमक्या आल्या, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी त्यांचा हात तोडला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मवाळ म्हणावे की जहाल? त्यांनी हाती शस्त्र घेतले नाही, पण मत झाकूनही ठेवले नाही. माझ्या मते संयम हातात असावा, मतात असलाच पाहिजे असे नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. पण पुढच्या दिवसांत सूडाची लाट उसळली. उस्मानाबाद जिल्ह्यात अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. रझाकारांचा राग ज्यांच्यावर निघाला, त्यांतले कितीतरी जण रझाकार नव्हतेच. पंडित सुंदरलाल आणि उर्दू लेखक काझी अब्दुल गफ्फार यांनी त्या भागात फिरून अहवाल लिहिला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे.

तो अहवाल सरकारने कित्येक वर्षे प्रसिद्ध केला नाही. कोणालाच दुखवू नये, असा मधला विचार त्यामागे असावा. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांना मात्र कोणी विचारले नाही.