शांततेला धोका नक्की कोणाचा?

सीमाबांधवांनो,

डिसेंबर २०२२ आठवा. त्या महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते. जगात कुठे शांतता धोक्यात आली, तर कोणाला वेसण घालायची, हे ठरवणाऱ्या सभेच्या खुर्चीवर आपला देश बसला होता. आणि त्याच महिन्यात आमच्या बेळगावात शांततेच्या नावाखाली काय चालले होते?

आधी तिकडचे सांगतो. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने हैती या देशाबाबत ठराव क्रमांक २६५३ एकमताने केला. त्या एकमतात भारताचेही मत होते. हैतीत सशस्त्र टोळ्यांनी इंधनसाठ्याची वाट अडवून सगळा देश वेठीस धरला होता. परिषदेने जिमी शेरिझिए या टोळीप्रमुखाचे नाव घेऊन त्याची मालमत्ता गोठवली, त्याच्यावर प्रवासबंदी आणि शस्त्रबंदी घातली. नाव लिहिले, कारण लिहिले, मुदत एक वर्षाची ठेवली. पुढे कोणाचे नाव यादीत घालायचे, यासाठी समिती आणि तज्ज्ञमंडळ नेमले. बंदी सामान्य हैतीकरांवर घातली नाही, शांतता मोडणाऱ्यावर घातली.

आता इकडचे पाहा. महाराष्ट्राने नेमलेले दोन समन्वयक मंत्री, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई, ६ डिसेंबरला बेळगावला येणार होते. हातात लाठी नव्हे, काठी नव्हे. सीमावासीयांचे गाऱ्हाणे ऐकायला येणार होते. त्यांना १४४ कलमाखाली प्रवेशबंदी झाली आणि दौरा बारगळला. त्याच दिवशी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. पोलिसांनी काहींना ताब्यात घेतले, हे खरे. पण येणाऱ्याला आधीच बंदी आणि दगड मारणाऱ्याला नंतर अटक, हा कुठला न्याय? १९ डिसेंबरला मराठी भाषिकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली. खासदार धैर्यशील माने यांना प्रवेशबंदी झाली. कोल्हापूरहून निघालेले कार्यकर्ते निपाणीच्या अलीकडेच, कोगनोळी नाक्यावर अडवले गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

कोणी म्हणेल, मराठी बाजू काय धुतल्या तांदळासारखी आहे? नाही. त्याच आठवड्यात पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. ते चूकच होते, आणि ते आम्ही इथे छापतो. त्या गाडीचा चालक आमचा शत्रू नव्हता. गाडी फोडणारा मराठी असो वा कन्नड, त्याच्यावर नावानिशी कारवाई करा. आम्ही टाळ्या वाजवू. आमची तक्रार कारवाईबद्दल नाही, आंधळ्या कारवाईबद्दल आहे.

बेळगाव म्हणजे हैती नव्हे, आणि आम्ही काही न्यूयॉर्कला अर्ज घेऊन निघालेलो नाही. आमचा अर्ज याच देशाच्या कायद्याकडे आहे. १४४ कलमाने, आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या १६३ कलमाने, आदेश लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. त्याची मुदत साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे जात नाही आणि बाधित माणसाला तो रद्द करण्याची मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रकरणात, स्पष्ट सांगितले आहे की हे कलम लोकांचे रास्त मत दाबण्यासाठी वापरता येणार नाही. मग महामेळावा म्हटले की दरवेळी तेच कलम का पुढे येते?

१४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत आणि दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून वाद सोडवावेत, असे ठरले. पाचच दिवसांत महामेळावा मोडला. महिना संपण्याआधी दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. २००४ चा दावा अजून न्यायालयातच आहे. मोठ्या खुर्च्यांवरचे शब्द फिरवतात, आणि बंदी मात्र आमच्या दारात येऊन उभी राहते.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. बंदीचा प्रत्येक आदेश वेळेवर, लेखी, कारणांसह आणि मराठीतही मिळावा. शांतता मोडणाऱ्यावर, मग तो कोणत्याही भाषेचा असो, नाव घेऊन कारवाई व्हावी. आणि निःशस्त्र सभेला सरसकट नकार न देता जागा, वेळ व अटी ठरवून परवानगी द्यावी.

पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदणाऱ्या घरांना आमचे एकच सांगणे आहे. १९५६ पासूनचा काळा दिन आणि १७ जानेवारीचे हुतात्म्यांना अभिवादन आपण शिस्तीने पाळत आलो. ती शिस्त सोडू नका. हातात दगड घेतला, तर त्यांची बंदी खरी ठरेल. मिळालेला प्रत्येक आदेश जपून ठेवा आणि समितीच्या कार्यालयात त्याची एक प्रत द्या. न्यायालयात घोषणा चालत नाहीत, कागद चालतो.

जय महाराष्ट्र!