तारीख नको, तिथी विचारा!

21 डिसेंबर 2012 आठवते का? माया लोकांचे कॅलेंडर त्या दिवशी संपणार, म्हणून जगही बुडणार, अशी आवई दूरचित्रवाणीवरून आपल्या घराघरांत पोहोचली होती. तो दिवस उजाडला आणि मावळलाही! माया कालगणनेतील एक मोठे आवर्तन पुरे झाले आणि मोजणी पुढे चालू राहिली, इतकेच. आपणही प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे मोजतो आणि पुन्हा प्रभवावर येतो. म्हणून काही जग बुडत नाही.

माया लोकांचे पवित्र पंचांग 260 दिवसांचे. दिवसांची नावे वीस आणि आकडे एक ते तेरा. ही दोन चाके शेजारी शेजारी फिरतात आणि नाव व आकडा यांची तीच जोडी 260 दिवसांनी परत येते. अवघड वाटते? मग आपली अंगारकी आठवा. तिथींचे चाक वेगळे, वारांचे वेगळे. संकष्टी आणि मंगळवार एकत्र आले की त्या दिवसाचे मोल वाढते. सोमवती अमावास्येचेही तसेच.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात हे दिवस मोजणारे जाणते लोक आजही आहेत. ‘आठ बाट्झ’ या दिवशी नव्या जाणत्यांना दीक्षा मिळते. त्यांच्या मते प्रत्येक दिवसाला स्वतःचा स्वभाव असतो. कोणता दिवस पूर्वजांच्या स्मरणाचा, तर कोणता बी-बियाण्यांचा. म्हणजे हे पंचांग मुळात आज माणसाने काय करावे, याची आठवण देण्यासाठी आहे.

हाच भाव पाहायला फार दूर जायला नको. चोर्ला घाट उतरून साखळीवरून पुढे गेले की डिचोली तालुक्यातले शिरगाव लागते. तिथे श्री लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. जत्रेआधी काही दिवस धोंड व्रतस्थ राहतात, सोवळे पाळतात. मग हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन तळीवर स्नान करतात आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. 2024 मध्ये ही पंचमी 12 मे रोजी होती, तर 2025 मध्ये 2 मे रोजी. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी मागे सरकते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. असा अधिक महिना आला, की पुढचे सण पुन्हा ऋतूंशी जुळतात.

आणखी एक गंमत पाहा. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही लईराईची बहीण, असे गोव्यात मानतात. दोघी बहिणींमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण होते, असेही सांगतात. सायबिणीचे फेस्त ईस्टरवरून ठरते आणि ईस्टर वसंतातील पौर्णिमेवरून. धर्म दोन, पंचांगे दोन, पण दोघी बहिणी पाहतात एकाच चंद्राकडे!

तिकडे पेडण्यात दसरा झाला की लोक कोजागरीची वाट पाहतात. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, ती ‘पेडण्याची पुनव’. मराठी घरातली ही पुनव, कन्नड घरातली हुण्णिमे. आकाशातला चंद्र तोच, महिन्यांची नावेही तीच. आपला गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. एका घरी कडुलिंब आणि गूळ, दुसऱ्या घरी बेवु-बेल्ल!

पण आता अडचण निराळीच आहे. बंगळूर-पुण्याला नोकरी करणारी मुले रजेच्या अर्जासाठी तारीख विचारतात आणि आजीला ठाऊक असते ती तिथी. आजी गेली, की तिथी सांगणारे कोणी उरत नाही. मग जत्रा होऊन गेल्यावर फोनवर फोटो तेवढे दिसतात. 2025 च्या शिरगावच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. एका तिथीला हजारो लोक एकत्र येतात, ही पंचांगाची ताकद. म्हणून जायचे ते आधी ठरवून, वेळ राखून आणि म्हाताऱ्या-लहानांना सांभाळून जावे.

यासाठी एक सोपा उपाय करता येईल. घरात एक वही ठेवा. माहेर आणि सासर, दोन्हीकडच्या जत्रा, कुलदेवतेचा दिवस, वडीलधाऱ्यांच्या श्राद्धतिथी त्यात लिहा. महिना, पक्ष आणि तिथी मराठी व कन्नड, दोन्ही लिपींत लिहा. म्हणजे अज्जी वाचेल आणि नातवंडेही वाचतील. पाडव्याला नवे पंचांग घरी आले, की मुलांना शेजारी बसवून त्या वर्षाच्या तारखा त्यांच्याकडूनच शोधून घ्या आणि रजेचे अर्ज तेव्हाच लिहायला सांगा.