चर्च उघडलं आणि आजीचा फोन बंद झाला

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी निबंध लिहिले ते फक्त मार्कांपुरते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिता येईना. तो माझ्या आजीचा विषय आहे, आणि आजीला इंग्रजी वाचता येत नाही.

आम्ही वसईचे. आमच्याकडच्या ख्रिस्ती गावांत रविवारची सकाळ म्हणजे मिस्सा. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात अर्धा-पाऊण तास गप्पा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला ॲडमिट केलं, केळीला काय भाव मिळाला, सगळं तिथेच कळतं. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं या गप्पांसाठीच चर्चला येतात. आता वाटतं, तेव्हा मी फार चुकत नव्हते.

मार्च २०२० मध्ये हे सगळं थांबलं. मी नववीत होते. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा गुड फ्रायडे, १२ एप्रिलचा ईस्टर, सगळे घरातच गेले. २७ मार्चला पोप फ्रान्सिस सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात पावसात प्रार्थना करताना टीव्हीवर दिसले, तेव्हा आमच्या घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. रविवारी बाबा मोबाइल बरणीला टेकवून ठेवायचे आणि आम्ही त्यावर मिस्सा बघायचो. आई मात्र सगळ्यांना आंघोळ करून चांगले कपडे घालायला लावायची. स्क्रीनमधून कम्युनियन काही मिळत नाही. म्हणून त्या वेळी प्रभूला मनातच बोलवायची प्रार्थना म्हणायचो.

आम्ही सगळे बेचैन, आणि आजी एकदम शांत! तिचे गुडघे २०१७ सालीच गेले होते. चर्च आम्हाला तेव्हा बंद झालं, तिला तीन वर्षं आधीच झालं होतं. ती हसून म्हणाली, "आता कळलं ना, मला कसं वाटतं ते?"

मग आमच्या आळीतल्या तरुण मंडळींनी एक यादी केली. कुठल्या घरी म्हातारी माणसं आहेत, कुणाची औषधं संपत आलीत, कोण एकटं राहतं. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरं. रोज एक फोन करायचा. संध्याकाळी साडेसातला कॉन्फरन्स कॉलवर सहा घरं मिळून रोझरी म्हणायची. आजीकडे बटणांचा साधा फोन, पण तेवढा पुरायचा. तिची पाळी असली की ती सात वाजल्यापासूनच फोन हातात घेऊन बसायची. कुणी गेलं तर अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी. बाकीचे त्याच वेळी आपापल्या दारात मेणबत्ती लावायचे. फोन, भाजीची पिशवी आणि दारातली मेणबत्ती, एवढ्यावर आमचं चर्च दीड वर्ष चाललं.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. ६५ च्या वरच्यांनी घरीच राहावं असा सल्ला होता, म्हणून फोन चालू राहिले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडलं. त्यानंतर फोन हळूहळू कमी झाले. मग थांबले. थांबवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. चर्च सुरू झालं, आता फोन कशाला, एवढंच.

आजी एकदा म्हणाली, "बाळा, आजार गेला ते बरंच झालं. पण आजारात रोज कुणीतरी माझं नाव घेत होतं."

फोन बंद करणाऱ्यांत मीही होते. माझ्या वाट्याला चार घरं होती. अकरावी आली, क्लास आले, मग सीईटी. त्या चारांपैकी एक आजोबा गेल्या वर्षी वारले. ते मला कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. त्यांना शेवटचा फोन कधी केला, ते आठवत नाही.

आमच्याकडे अजून एक वाद चालतो. काही म्हणतात, मोबाइलवर मिस्सा मिळते तर जायचं कशाला? दुसरे म्हणतात, ते प्रक्षेपण बंदच करा, म्हणजे लोक झक मारत येतील. १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी सांगितलं होतं की, स्क्रीनवरचं चर्च अडचणीच्या काळापुरतं आहे, खरं चर्च म्हणजे एकत्र आलेली माणसं. मला हे पटतं. ज्याला चालता येतं त्याने चालत जावं. पण ज्याला उठताच येत नाही, त्याची अडचण २०२१ मध्ये संपली का? फादर महिन्यातून एकदा कम्युनियन घेऊन घरी येतात, पण त्यांना पुढची घरंही असतात. उरलेले एकोणतीस दिवस आपले आहेत, फादरांचे नाहीत. म्हणून माझं मत सरळ आहे : प्रक्षेपण ठेवा किंवा बंद करा, पण ती यादी बंद करू नका.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा हॉस्टेलशी काय संबंध? मागच्या सेमला आमच्या विंगमधली एक मुलगी टायफॉइडने तीन आठवडे घरी होती. ग्रुपवर 'गेट वेल सून' चा पाऊस पडला. दुसऱ्या दिवसापासून सबमिशनची गडबड. ती परत आली तेव्हा जर्नल कोरं, आणि चेहरा त्याहून कोरा. एका विंगने एक यादी करायला काय लागतं? आजारी माणसाला रोज एकीने फोन करायचा, नोट्सचे फोटो पाठवायचे, मेसमध्ये आज काय बिघडलं ते सांगायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

मी माझी उरलेली तीन घरं परत धरली आहेत. मागच्या रविवारी पहिला फोन लावला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "काय गं, परत लॉकडाऊन लागला की काय?"

म्हटलं, "नाही हो आजोबा. सहज केला."