जम्बो गेले ते योग्यच. पण त्याच्यासोबत आरक्षण का गेले?

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या ताफ्यातले शेवटचे उडते बोईंग ७४७ मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघून गेले. 'आकाशाची राणी गेली' म्हणून माध्यमांनी गळे काढले. आपल्यातल्याही काही तरुणांना वाईट वाटले. कारण १९७१ साली आलेल्या पहिल्या जम्बोचे नाव होते 'सम्राट अशोक', दुसऱ्या एकाचे 'सम्राट कनिष्क'. आम्ही मात्र स्पष्ट सांगतो : हे विमान निवृत्त करणे शंभर टक्के योग्य होते.

हिशेब साधा आहे. जम्बोला चार इंजिने. नंतर आलेली ७७७ आणि ७८७ विमाने तोच लांबचा पल्ला दोन इंजिनांवर कमी इंधनात गाठतात. जम्बोत चारशेहून अधिक खुर्च्या. त्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या तरी इंधन काही निम्मे होत नाही. शेवटी बोईंगनेही हे विमान बनवणे थांबवले. शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेले.

कुणी म्हणेल, २०२० मध्ये वुहानमधून आपले सहाशेहून अधिक लोक याच विमानाने आणले. खरे आहे, त्या कर्मचाऱ्यांना सलाम. पण ते काम दुसरी मोठी विमानेही करू शकतात. वर्षातून एकदा लागेल म्हणून हत्ती दारात बांधत नाहीत.

राहिला नावाचा अभिमान. 'आकाशातला महाल' अशी जाहिरात करून, खिडक्यांना राजवाड्याची नक्षी काढून सरकारी कंपनीने ते विमान मिरवले. त्यात बसणारे कोण होते? सम्राट अशोकांचे शिलालेख विहिरी, रस्त्याकडेची झाडे, माणसांचे आणि जनावरांचे औषधोपचार यांबद्दल बोलतात. अशोकांचा वारसा महालात नाही, लोकोपयोगी कामात आहे. त्या कसोटीवर आमच्या बीड जिल्ह्यातली मुक्कामी एसटी जम्बोपेक्षा अशोकांना अधिक जवळची आहे.

आणि इथेच सावध व्हायला हवे. 'तोट्यात आहे, बंद करा' हे वाक्य महालाला लावले तर न्याय होतो. तेच वाक्य गावच्या एसटीला आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेला लावले तर अन्याय होतो. जम्बो गेले म्हणून लंडनचा प्रवासी अडला नाही, त्याला दुसरे विमान मिळाले. वाडी-तांड्यावरची फेरी बंद झाली तर मोफत पासवर शिकणाऱ्या मुलीची शाळाच सुटते. पर्याय आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. याच देशात अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! त्याच काळात, २०१२ मध्ये, एअर इंडियाला सावरण्यासाठी ३०,२३१ कोटी रुपयांची योजना मात्र मंजूर झाली.

पुढे काय झाले तेही बघा. २०२१ मध्ये कंपनी टाटांनी १८,००० कोटींना घेतली. त्यातले १५,३०० कोटी म्हणजे अंगावर घेतलेले कर्ज, रोख फक्त २,७०० कोटी. उरलेले ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारी कंपनीच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या माथी. विमाने त्यांची, तोटा आपला! काडेपेटीवर कर भरणारा ऊसतोड कामगार महालाचे कर्ज फेडतो आहे.

सर्वात मोठी किंमत तर ताळेबंदात दिसतच नाही. सरकारी कंपनी होती तोवर तिथे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ ला ताबा गेला आणि ते बंधनही गेले. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एअर इंडिया आता घटनेच्या कलम १२ नुसार 'राज्य' नाही. म्हणजे मूलभूत हक्कांसाठी तिच्याविरुद्ध रिट घेऊन जाण्याची वाटही बंद. जम्बो तोट्यात होते. आरक्षण तोट्यात होते काय?

मित्रहो, जुन्या विमानासाठी रडू नका. खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा मागा. आपल्या तालुक्यातली फेरी बंद झाली असेल तर आगारप्रमुखाला लेखी निवेदन द्या, त्याची पोच घ्या, ग्रामसभेत ठराव करा. पुढच्या वेळी कुणी 'तोटा' म्हणाला, तर त्याला एकच विचारा : तोटा कुणाचा, आणि बंद झाल्यावर पायी कोण चालणार?

जय भीम!