घरचे विवरणपत्र घरीच भरावे

पेढीचा हिशेब आणि घरचा हिशेब यांत आपला व्यापारीवर्ग पूर्वापार भेद करीत आला आहे. पेढीचा रोजमेळ रोजच्या रोज मिळतो. एका रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत मुनीम घरी जात नाही. घरचा हिशेब मात्र यजमानाच्या स्मरणात, कपाटातील एका पिशवीत आणि आयकर-सल्लागाराच्या दप्तरात विखुरलेला असतो. पेढीच्या विवरणपत्राविषयी मला येथे काही सांगावयाचे नाही. ते काम सनदी लेखापालांचे आहे व त्यांनीच ते करावे. परंतु गृहिणीची मुदत ठेव, सुनेचा पगार, मातोश्रींच्या नावच्या गाळ्याचे भाडे, अविभक्त कुटुंबाचे खाते, यांची विवरणपत्रे मुदतीपूर्वी घरच्या माणसांनी घरीच बसून तयार करावीत, आणि ज्याच्या नावचे विवरणपत्र त्याने ते वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी मुलखात आयकर १८६० साली आला. आपल्या या पूर्वीच्या हैद्राबाद संस्थानी मुलखास भारताचा आयकर कायदा लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. पुढे १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. विक्रीकराचे नियम सीमेच्या अलीकडे एक व पलीकडे दुसरे असत. आयकर मात्र दोहोंकडे एकच राहिला. आपल्या वडीलधाऱ्यांनी दिवाळीस वहीपूजन करून तेच दिवाळी वर्ष आयकरासही दाखविले. १९८९ पासून ती मुभा गेली आणि ३१ मार्चअखेरचे वर्ष सर्वांस सक्तीचे झाले. वीर निर्वाण संवत आपण आजही कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बदलतो, घरातील देण्याघेण्याच्या आठवणीही दिवाळीपासूनच मोजतो, आणि कर भरावयाचा तो मार्चअखेरवर. घरच्या हिशेबाचा घोटाळा पुष्कळदा येथूनच सुरू होतो. २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. त्यात 'मागील वर्ष' व 'कर-निर्धारण वर्ष' या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' धरले आहे. निदान एक गोंधळ तरी त्यामुळे मिटावा.

पगार, व्याज व भाडे यांवर ज्यांचे उत्पन्न आहे अशा घरच्या मंडळींसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै ही होय. "तारीख वाढते हो!" हे वाक्य आपल्या बाजारात दर वर्षी ऐकू येते. २०२५ साली ती वाढलीही. प्रथम १५ सप्टेंबर झाली व मग आणखी एक दिवस मिळाला. परंतु २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षी ती वाढली नव्हती, हे कोणी सांगत नाही. मुदत टळली की पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नास एक हजार व त्यावरील उत्पन्नास पाच हजार रुपये विलंब-शुल्क, आणि बाकी राहिलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज. ज्यांना वजावटींची जुनी पद्धत हितकारक आहे त्यांचा तर निवडीचा हक्कच जातो. शेअरांत झालेला तोटा पुढील वर्षी ओढता येत नाही. आणि हे सर्व कशासाठी? आषाढात तर आपल्या बाजारात आवकच मंदावलेली असते. हरभरा व रब्बी ज्वारी निघून गेलेली, सोयाबीन व कापूस अद्याप शेतात. व्यापाऱ्यास वर्षभरात जी काही उसंत मिळते ती याच दिवसांत. आणि चातुर्मास एकदा लागला की प्रवचने व तपस्या यांतून घरातील स्त्रियांस तरी वेळ निघत नाही.

"बारा लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला?" असेही विचारणारे आहेत. त्यांनी ध्यानात घ्यावे की २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत जी मोठी सवलत मिळाली ती करातील सूट आहे. चार लाखांवर उत्पन्न गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र चुकत नाही. शिवाय ही सूट व्यक्तीस आहे, अविभक्त कुटुंबास नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवावे लागते आणि वर्षास पाच हजारांहून अधिक असल्यास 'सहज' नावाचा सोपा नमुना चालत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी थोडीफार जमीन आहे त्यांची येथे नेहमी गफलत होते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या समाजात स्त्रियांच्या नावे विवरणपत्रे पुष्कळ जातात. त्या स्त्रियांनी ती पाहिलेली असतात असे मात्र मला आढळलेले नाही. पूर्वी कोऱ्या कागदावर सही घेत. आता दूरध्वनीवर आलेला परवलीचा आकडा घेतात, आणि तो दूरध्वनीही बहुधा सल्लागाराच्या कारकुनाचा असतो. मग सरकारची सूचना येते ती त्या कारकुनाकडे. जिच्या नावची ती सूचना, तिला तिचा पत्ताच नसतो. यापुढचा प्रकार अधिक शोचनीय आहे. कधी सुई न धरलेल्या बाईच्या नावे शिवणकामाचे, कधी पाटीवर अक्षर न गिरविलेल्या आजीच्या नावे शिकवणीचे उत्पन्न वर्षानुवर्षे दाखविले गेले आहे. हेतू हा की तिच्या नावे भांडवल उभे राहावे. पती असेतोपर्यंत हे झाकून राहते. तो गेल्यावर चौकशी आली की उत्तर त्या बाईस द्यावे लागते, आणि आपण काय सांगितले होते हेच तिला ठाऊक नसते. पतीने दिलेल्या रकमेचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते, तिच्या माहेरच्या स्त्रीधनाचे व्याज तिचे स्वतःचे, एवढा साधा भेदही तिला कोणी सांगितलेला नसतो.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, आणि अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाशेजारीच विरुद्धराज्यातिक्रम. धान्याच्या व्यापाऱ्यास मापाची गोष्ट कोणी शिकवावयास नको. तिच्या शेजारचा शब्द मात्र आपण वाचून न वाचल्यासारखा करतो. ज्या श्रावकाने परिग्रहाचे परिमाण घेतले आहे त्यास आपल्या घरात कोणाच्या नावे किती आहे हे मोजावेच लागते. आणि प्रतिक्रमण काही मुनीमाकडून करवून घेता येत नाही.

अविभक्त कुटुंबाविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जैन कुटुंब हे या संज्ञेत येते, असे १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने संपत्तिकराच्या खटल्यात ठरविले. तो लाभ आपण सर्वांनी घेतला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्माने त्यात सहभागीदार झाल्या. तेव्हा कर्त्याने त्या खात्याचे विवरणपत्र लेकींसमोर वाचण्यास संकोच मानण्याचे कारण उरलेले नाही, जरी काही घरांत त्यावरून भांडण होईल हेही मी जाणतो. भांडण व्हावयाचेच असेल तर ते कर्ता हयात असता झालेले बरे.

बँकांची चौथ्या तिमाहीची विवरणे मेअखेर सरकारकडे जातात व उगमस्थानी करकपातीचे दाखले जूनच्या मध्यास मिळतात. म्हणून १५ जूनपूर्वी बसू नये व १५ जुलैनंतर बसू नये. सरकारच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात प्रत्येकाच्या नावचे व्याज, लाभांश, मोठे व्यवहार लिहिलेले असतात. ते उतरवून घ्यावे, पासबुकाशी ताडून पाहावे आणि फरक निघाल्यास बँकेत विचारावे. हे काम मॅट्रिक झालेल्या माणसास जमते, मग पदवीधर सुनेस का जमू नये? नोंदीतील दूरध्वनी क्रमांक ज्याचा त्याचाच असावा. विवरणपत्र पाठविल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी. ती राहून गेल्यास भरलेले न भरल्यासारखेच होते.

संघटनेच्या कार्यकारिणीस माझी एक विनंती आहे. जूनच्या शेवटच्या दोन रविवारी आपले सभागृह या कामासाठी उघडे ठेवावे. सभासदांच्या घरातील शिकलेल्या मुलामुलींनी दोन-दोन तास द्यावेत, आणि येणाऱ्या माताभगिनींनी आपले पासबुक स्वतः घेऊन यावे. पेढीच्या वह्या मात्र कोणी आणू नयेत.